लेबलताई आणि नवा कारभारी

लेबलताईंच्या घरी गेलात आणि पाणी प्यायचं असलं, तर कुणाला काही विचारावं लागत नाही. कपाटाच्या एका दारावर 'पेले – पाहुण्यांचे' अशी पांढरी पट्टी चिकटवलेली असते आणि शेजारच्या दारावर 'पेले – घरचे'. साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं असतं. आता हे कुणाच्याही घरी असतं म्हणा, पण लेबलताईंचा डबा काचेचा आहे. त्यांचे यजमान शिंपी आहेत, माणूस तसा मोजून मापून बोलणारा. पण बायकोच्या पट्ट्यांचा विषय निघाला की त्यांचीही जीभ सुटते. "लग्नात माझ्या कपाळावर लावायची तेवढी राहिली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

हॉस्पिटलात त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीतच काय ते असेल. वॉर्डबॉयपासून मुख्य डॉक्टरबाईंपर्यंत सगळे त्यांना लेबलताई म्हणतात. त्यांचं राज्य तळघरात. पूर्वी तिथे धुलाईखाना होता, म्हणून फरशीला अजून मोरीकडे उतार आहे आणि चाकाच्या खुर्चीवरून उठलं की खुर्ची आपली आपण मोरीकडे चालू लागते. नवा माणूस दचकतो. लेबलताई न बघता मागे हात करून खुर्ची पकडतात आणि काम करत राहतात. त्या खोलीत हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर आहेत आणि ते सांभाळणाऱ्या लेबलताई एकट्या.

त्या काही संगणक शिकून आलेल्या नव्हेत. बाविसाव्या वर्षी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या आणि दहा वर्षं बोर्डासमोर बसून या वॉर्डाची तार त्या वॉर्डाला जोडत राहिल्या. कोण बोलतंय हे त्यांना नुसत्या खोकल्यावरून कळायचं. पुढे प्रत्येक टेबलावर थेट नंबर लागणारे फोन आले आणि बोर्ड बंद झाला. पाच बायकांपैकी चौघींची सोय झाली. लेबलताईंना जुन्या कागदांच्या खोलीत पाठवायचं ठरलं होतं. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि कामही नव्हतं.

तेव्हा वायरमन मधे पडला. हा खरोखरच वायरमन म्हणून लागलेला माणूस. दिवे, पंखे आणि फ्यूज बघता बघता हॉस्पिटलात पहिला संगणक आला, तो उघडून बघायला दुसरं कुणी धजेना, म्हणून हा बसला आणि पुढे त्या खात्याचा प्रमुख झाला. हुद्दा बदलला तरी लोकांच्या तोंडचं नाव काही बदललं नाही. तो ऑफिसात गेला आणि म्हणाला, "ही बाई मला द्या. दहा वर्षांत हिने एकदाही चुकीच्या भोकात तार घातलेली नाही."

"तिला संगणकातलं ओ की ठो कळत नाही," साहेब म्हणाले.

"मलाही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तर कुठे अडतं ते मला बरोबर माहीत आहे."

शिकवलं त्याने. पहिले सहा महिने लेबलताई रोज घरी जाऊन रडायच्या आणि रोज सकाळी पुन्हा हजर व्हायच्या. वायरमन एकदाही आवाज चढवून बोलला नाही. चूक झाली की म्हणायचा, "छान. आता ही चूक तुला आयुष्यभर पाठ." हे उपकार लेबलताईंच्या मनात कायम होते. तोंडावर मात्र त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला तसलं काही म्हणायचं कसं, हे त्यांना कधी जमलंच नाही.

दोघांचं एकाच बाबतीत पटायचं नाही. वायरमन पसाऱ्यातला माणूस. त्याच्या वायरी वाळत घातल्यासारख्या लोंबायच्या. कुठली कुठे जाते ते त्याच्या डोक्यात असायचं, बाहेर कुठेही नसायचं. शिवाय त्याला प्रत्येक गोष्टीची एक वाट जास्तीची ठेवायची खोड होती. लेबलताईंना जास्तीची वस्तू दिसली की झोप यायची नाही. त्यांनी पट्ट्या छापायचं छोटं यंत्र आणलं आणि वर्षभरात सगळ्या वायरींना नावं दिली. वायरमन कौतुकाने बघायचा आणि डोकं खाजवायचा.

निवृत्तीच्या दिवशी त्याने त्यांना एक लांब निळी वायर दाखवली. ती एका सर्व्हरच्या पाठीमागून निघून रॅकसमोरून तिरकी थेट, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या मोठ्या स्विचमध्ये गेली होती. "ही आज कशालाच लागत नाही," तो म्हणाला. "पण कारभारी कधी दाराबाहेर अडकला तर याच वाटेने आत येईल. काढू नकोस."

कारभारी कोण, हे इथे सांगितलं पाहिजे. त्या खोलीत मोठे सर्व्हर होते फक्त तीन, पण त्यांच्या पोटात साठेक संगणक राहत होते. हे संगणक हाताला लागत नाहीत, नुसते चालतात. एखाद्या इमारतीत बिऱ्हाडं असावीत तसे. नोंदणी एक बिऱ्हाड, औषधं एक, लॅब एक, रक्तपेढी एक. कुणी कुठल्या इमारतीत राहायचं, कुणाला किती जागा द्यायची, कुणाला नेटवर्कमध्ये सोडायचं, हे सगळं बघणारा एक वेगळाच सर्व्हर असतो, तोही असाच पोटात राहणारा. वायरमन त्याला कारभारी म्हणायचा. घरी लेबलताई कारभाऱ्याच्या तक्रारी सांगू लागल्या की यजमान आधी सावध व्हायचे आणि मग विचारायचे, "हा मी, की तो?"

वायरमन गेल्यावर चार वर्षं ती निळी वायर राहिली. लेबलताईंनी तिच्यासाठी तीनदा पट्टी छापली आणि तीनदा फाडली. कशालाच न लागणाऱ्या वायरीवर लिहायचं तरी काय? मग एकदा बाहेरून तपासणीला माणसं येणार म्हणून रॅक आवरताना त्यांनी ती काढली, गुंडाळी करून डब्यात ठेवली आणि रिकामी झालेली जागा दुसऱ्या कामाला लावून टाकली. रॅक इतका देखणा दिसायला लागला की त्यांनी फोटो काढून वायरमनला पाठवला. पाठवल्यावर त्यांना आठवलं की त्यात निळी नाही.

वायरमन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन करायचा. मुलांची चौकशी, गुडघ्यांची रडगाणी आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "निळी आहे ना जागेवर?" लेबलताई म्हणायच्या, "हो दादा, अगदी." तीन वर्षं त्या दर महिन्याला हे खोटं बोलत होत्या, आणि फोन ठेवला की दिवसभर स्वतःवरच चिडून राहायच्या.

या वर्षी पहिला सर्व्हर दमला. त्याच्या चार डिस्कांपैकी एक गेली, मग दुसरी. ते मॉडेल बंद झाल्यामुळे नवी डिस्क मिळेना. लॅब आणि रक्तपेढी नेमक्या त्याच्याच पोटात. बाकीचे दोन सर्व्हर काठोकाठ भरलेले. नवा चौथा सर्व्हर येऊन दोन महिने रॅकमध्ये उभा होता, पण जुना कारभारी इतका जुना की त्याला या नव्याची ओळखच पटेना. त्याला बनवणाऱ्यांनीही त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. म्हणजे आधी नवा कारभारी आणायचा, जुन्याचं नाव, पत्ता आणि अकरा वर्षांचा सगळा कारभार त्याच्या हातात द्यायचा, मग तो चौथ्याला घरात घेणार आणि मग लॅबचं बिऱ्हाड हलणार. लॅब आणि रक्तपेढी बंद करून हलवायच्या तर सहा तास लागले असते, आणि सहा तास रक्ताशिवाय थांबा असं वरच्या मजल्यावरच्या पेशंटला सांगणार कोण? कारभारी असला की त्या चालू असतानाच उचलता येणार होत्या.

मुख्य डॉक्टरबाईंनी रविवारी दुपारी दोन ते सहाची वेळ दिली. "मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, रक्तपेढी थांबणार नाही ना?"

"नाही थांबणार," लेबलताई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण खाली जाऊन त्यांनी पहिल्या सर्व्हरचे दिवे पुन्हा एकदा तपासले.

दोन वाजता त्यांनी सुरुवात केली. सगळी तयारी अर्थातच कागदावर, एकूण एकेचाळीस पायऱ्या, प्रत्येकीसमोर खूण करायला चौकोन. जुन्या कारभाऱ्याने आपली दप्तरं मुकाट्याने काढून दिली. नव्याने ती एकेक करत उतरवून घेतली. सव्वातीनला जुना बंद झाला. त्याचा पडदा काळा झाला तेव्हा लेबलताईंना उगाच भरून आलं. अकरा वर्षांत एकदाही न रुसलेला नोकर होता तो. नव्याने त्याचं नाव घेतलं, पत्ता घेतला आणि तिथेच अडला. पडद्यावर ओळ आली की नेटवर्क सापडत नाही.

लेबलताईंनी दोनदा, तीनदा करून पाहिलं, आणि मग त्यांना लख्ख कळलं. नेटवर्कमध्ये कुणाला सोडायचं ते कारभारी ठरवतो. जुना कारभारी झोपलेला. नवा दाराबाहेर उभा, आणि त्याला आत घ्यायची चिठ्ठी देणार तो स्वतःच. अशा वेळी कारभाऱ्याला न विचारता थेट आत येणारी एखादी साधी वाट लागते. ती वाट डब्यात गुंडाळून ठेवलेली होती. डब्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'निळ्या वायरी – लांब'.

वायर परत लावावी तर सर्व्हरला भोक शिल्लक नाही, आणि मोठ्या स्विचमध्ये नवी जागा उघडायची किल्ली बाहेरच्या कंपनीकडे. कंपनीचा फोन वाजत राहिला. रविवार होता. मागे फिरायची सोय होती, नाही असं नाही. नव्याला बंद करून जुन्याला उठवलं की सगळं पूर्ववत. पण मग ही वेळ गेली, पुढची मिळायला महिना, आणि तोवर लॅब त्या दमलेल्या सर्व्हरच्या पोटात. त्या विचार करत रॅकसमोर उभ्या होत्या, तेवढ्यात पहिल्या सर्व्हरवरचा पिवळा दिवा तांबडा झाला. तिसरी डिस्क. आता उरलेली एक डिस्क सगळं ओढत होती आणि ती किती वेळ ओढेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

आता लाजत बसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी वायरमनला फोन लावला.

"दादा, मी बोलतेय."

"आज तर पंधरा तारीख. काय जळलं?"

"जळलं नाही. कारभारी बदलत होते. नवा बाहेर अडकलाय." मग त्यांनी सांगून टाकलं. "दादा, निळी वायर नाहीये. मी काढली. तीन वर्षं झाली. दर महिन्याला तुम्ही विचारायचात आणि मी तुमच्याशी खोटं बोलत होते."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. लेबलताईंना वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलेलं नाही.

"अगं, माहीत आहे मला," तो म्हणाला. "तूच नाही का फोटो पाठवलास? आणि तू खरं बोलतेस तेव्हा नुसतं हो म्हणतेस. 'हो अगदी' म्हणालीस की समजायचं, बाईने काहीतरी लपवलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू ती परत लावली असतीस, आणि पुढच्या साफसफाईला परत काढली असतीस. ते राहू दे. पाठीमागे जा. तिसऱ्या सर्व्हरचं सगळ्यात खालचं भोक बघ. काय लिहिलंय?"

लेबलताई फोन कानाला लावून रॅकच्या मागे गेल्या, गुडघ्यांवर बसल्या. करड्या रंगाची वायर, सरळ रेषेत बांधलेली. तिच्यावर पांढरी पट्टी. "राखीव बॅकअप – दुसरा," त्यांनी वाचलं. "ही तर माझीच पट्टी आहे."

"यंत्र तुझं. पट्टी माझी."

त्या वायरीवर लेबलताईंनी सात वर्षं दर तिमाहीला 'ठीक' अशी खूण केली होती. स्वतः काढलेल्या नकाशात ती त्यांनी रंगवलीही होती. दुसरा बॅकअप कुठे आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं. पट्टी सरळ होती, अक्षर नेमक्या मापाचं होतं, मग शंका कशाला घ्यायची? बिनपट्टीची प्रत्येक वस्तू उचकटून बघणारी बाई पट्टीवाल्या वस्तूकडे ढुंकूनही बघायची नाही, हे त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. वायरमनला माहीत होतं.

"निळी मी तुला काढायला ठेवली होती असं समज," तो म्हणाला. "आणि ही राहायला. नव्याला या वाटेने घे. हात थरथरतायत का?"

"हो."

"नुसतं हो ना? बरं. मग सावकाश कर. मी फोनवर आहे."

नव्या कारभाऱ्याला त्या वाटेवर आणायला सहा मिनिटं लागली. पडदा क्षणभर गप्प राहिला, आणि मग एकामागून एक नावं उजळत गेली. तिन्ही सर्व्हर, साठही बिऱ्हाडं. लेबलताई मोठ्याने वाचत होत्या आणि वायरमन प्रत्येक नावाला हुंकार देत होता. पाच वाजता कारभाऱ्याने चौथ्या सर्व्हरला ओळखलं आणि घरात घेतलं. जीव भांड्यात पडायला मात्र अजून वेळ होता. पहिल्या सर्व्हरच्या पोटात सात बिऱ्हाडं आणि एक डिस्क.

"आधी रक्तपेढी," वायरमन म्हणाला.

"आधी रक्तपेढी," त्याही त्याच वेळी म्हणाल्या होत्या.

चालत्या संगणकाला न थांबवता एका लोखंडातून दुसऱ्या लोखंडात नेणं हे बाहेरून बघायला अगदीच बेचव असतं. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, बस. लेबलताई त्या पट्टीकडे श्वास रोखून बघत होत्या. रक्तपेढी गेली. लॅब गेली. क्ष-किरणांची यादी, दवाखान्याची वेळापत्रकं, एकेक करून सगळी. एक पट्टी अर्ध्यावर बराच वेळ रेंगाळली. पाच पस्तीसला सातवं बिऱ्हाड हललं.

पाच बेचाळीसला पहिला सर्व्हर गेला. काही धूर नाही, ठिणगी नाही. पंखे एकदम जोरात फिरले आणि थांबले. त्याच्या पोटात तेव्हा कुणीही नव्हतं. लेबलताई त्याच्या शांत झालेल्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू कोसळलं. सात मिनिटं. त्या माणसाने ती वायर लावली नसती, त्यांच्याच यंत्रावर बसून, त्यांची खोड ओळखून, त्यांना न दुखावता, तर या सात मिनिटांचं काय झालं असतं हे त्यांना समोर दिसत होतं.

"दादा," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी तुमचे आभार कधी मानले नाहीत हो. मनात सारखे असायचे. तोंडातून कधी निघाले नाहीत."

"बरं झालं. निघाले असते तर मला काय बोलायचं ते सुचलं नसतं. आताही सुचत नाहीये." तो खाकरला. "तुझ्या हाती खोली दिली आणि मी घरी सात वर्षं निवांत झोपलो. हे मी तरी कुठे सांगितलं तुला?"

एवढ्यात टेबलावरचा फोन घणघणला. पलीकडे रक्तपेढीतल्या बाई होत्या, आणि तापलेल्या होत्या.

"लेबलताई, काय चाललंय काय तुमचं खाली? मघाशी माझा पडदा अडकला!"

"किती वेळ?"

"चांगला एक सेकंद! ऑपरेशन थिएटरच्या पिशवीची नोंद करत होते मी. अशा वेळी अडकून चालतं का? तुम्हाला तिथे बसून काही वाटत नाही."

"चुकलं माझं," लेबलताई डोळे पुसत म्हणाल्या. "पिशवी गेली का वर?"

"गेली की. न जायला काय झालं?" असं म्हणून बाईंनी फोन आपटला.

लेबलताईंनी हळूच फोन खाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ओरडा खाऊन इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. मोबाईल अजून चालू होता.

"ऐकलंत, दादा?"

"ऐकलं. चांगली झापली तुला. आता वर जा, डॉक्टरबाई वाट बघत असतील."

"त्यांना काय सांगू?"

वायरमनने जरा विचार केला. "सांग, कुणालाच काही कळलं नाही."